स्नायुताठरता विकार, आत्मप्रतिरक्षाजन्य

शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने स्वतःच्याच तंत्रिका तंत्रातील (मज्जासंस्थेतील) घटकांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण केल्यामुळे ज्यांत स्नायू सतत ताठर राहतात व त्यांत वारंवार वेदनामय पेटके येतात, अशा विकारांचा गट. या विकारांत स्नायू स्वतः बहुधा निरोगी असतात आणि त्यांना आकुंचनाची आज्ञा पोहोचविणारी यंत्रणाही शाबूत असते. बिघाड असतो तो त्या आज्ञेला आवर घालणाऱ्या यंत्रणेत. त्यामुळे रुग्णाचा अवयव लुळा पडत नाही. उलट तो सैल सोडता येत नाही.

या गटात मुख्यतः पुढील विकार येतात : (१) ताठर व्यक्ती लक्षणसमूह व एकाच अवयवापुरता मर्यादित असलेला त्याचा प्रकार, (२) ताठरतायुक्त वर्धिष्णू मस्तिष्क-मेरुरज्जुशोथ आणि (३) आयझॅक्स लक्षणसमूह व त्याच्याशी निकटचे नाते असलेला मॉर्व्हान लक्षणसमूह. पहिल्या दोहोंत बिघाडाचे स्थान मेरुरज्जू व मस्तिष्क यांत असते, तर तिसऱ्यातील स्नायुविकाराचे स्थान परिसरीय तंत्रिकांत म्हणजे मेरुरज्जूतून बाहेर पडून स्नायूंपर्यंत जाणाऱ्या तंत्रिकांत असते.

हे विकार विरळा आहेत. ताठर व्यक्ती लक्षणसमूहाचे प्रमाण साधारणपणे दहा लाख लोकसंख्येत एक ते दोन रुग्ण असे मानतात. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सु. ६१ लाख होती. वरील प्रमाण लावल्यास एवढ्या मोठ्या जिल्ह्यात या रोगाचे सहा ते बारा रुग्ण संभवतात. एखाद्या वैद्य-व्यावसायिकाला उभ्या आयुष्यात असा एकही रुग्ण न दिसणे त्यामुळे शक्य आहे. निदानास वर्षानुवर्षे लागणारा विलंब आणि दरम्यान रुग्णास चिकटणारे ‘मनोविकृत’ हे लेबल यांचे एक प्रमुख कारण हेच आहे.

इतिहास : शरीर काठीसारखे ताठ होणाऱ्या रोगांची नोंद प्राचीन वैद्यकात आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्णनात आक्षेपक, अपतानक, दंडापतानक व धनुस्तंभ यांचा उल्लेख आहे. दंडाप्रमाणे शरीर ताठ होणे व धनुष्याप्रमाणे वाकणे असा भेद तेथे केलेला आहे. ही वर्णने लक्षणांवर आधारलेली असल्याने आजच्या एखाद्या विशिष्ट रोगाशी त्यांचे समीकरण मांडता येत नाही. तथापि ताठरतेचे प्रकार एकाहून अधिक आहेत, हे निरीक्षण त्यांतून स्पष्ट होते.

फ्रेंच वैद्य ऑग्यूस्तँ मॉर्व्हान यांनी १८९० मध्ये स्नायूंची सतत थरथर, अतिस्वेदन व तीव्र निद्रानाश असलेल्या विकाराचे वर्णन केले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९२४ मध्ये एक शेतकरी तपासणीसाठी आला. त्याची मान, पाठ व पोट यांचे स्नायू क्रमाक्रमाने ताठर होत गेले होते व तो लाकडी बाहुल्यासारखा धाडकन कोसळत असे. अशा चौदा रुग्णांचे सु. बत्तीस वर्षांतील निरीक्षण एकत्रित करून फ्रेडरिक मर्श व हेन्री वोल्टमन यांनी १९५६ मध्ये या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यास ‘ताठर पुरुष’ असा अर्थ असलेले नाव मिळाले. प्रत्यक्षात स्त्रियांत हा रोग पुरुषांच्या सु. दुप्पट आढळत असल्याने पुढे ‘ताठर व्यक्ती’ हे नाव रूढ झाले. दक्षिण आफ्रिकेतील हायम आयझॅक्स यांनी १९६१ मध्ये स्नायुतंतूंची अखंड क्रियाशीलता असलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले व या क्रियाशीलतेचा उगम परिसरीय तंत्रिकांत असल्याचे दाखविले.

स्नायूंचे नियमन : विहिरीतून पाणी शेंदताना हात आळीपाळीने वाकतो व सरळ होतो. कोपर वाकविताना दंडाच्या पुढील द्विशिरस्क स्नायूचे आकुंचन होते आणि त्याच क्षणी मागील त्रिशिरस्क स्नायू सैल पडतो. सरळ करताना याच्या उलट घडते. दोन्ही स्नायू एकाच वेळी सारख्याच जोराने आकुंचन पावले, तर शक्ती खर्च होऊनही हात जागचा हलणार नाही. एका स्नायूला चेतविताना त्याच्या विरोधी स्नायूला आवरण्याच्या या व्यवस्थेस अन्योन्य निरोधन म्हणतात. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. तंत्रिका कोशिकांच्या कार्याविषयीच्या शोधांबद्दल त्यांना १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

स्नायूकडे जाणारी प्रत्येक आज्ञा अखेरीस मेरुरज्जूतील किंवा मस्तिष्क स्तंभातील प्रेरक तंत्रिका कोशिकेतूनच बाहेर पडते. या कोशिकेवर हजारो तंत्रिकाग्रे टेकलेली असतात. त्यांपैकी काही तिला चेतवितात व काही तिचे निरोधन करतात. दोहोंच्या बेरीज-वजाबाकीतून ती आवेग पाठविणार की नाही, हे ठरते. निरोधक तंत्रिकाग्रांमुळे प्रेरक कोशिकेच्या पटलावरील विद्युत् वर्चस् चेतनाच्या विरुद्ध दिशेने सरकते, हे सर जॉन एक्लिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात कोशिकेत सूक्ष्म विद्युत् अग्र घालून प्रत्यक्ष मोजून दाखविले. एक्लिस यांना १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचा सहभागी मान मिळाला.

निरोधनाचे कार्य मुख्यत्वे दोन रासायनिक द्रव्ये करतात : ग्लायसीन व गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल. दुसऱ्यास संक्षेपाने ‘गाबा’ म्हणतात. ग्लायसिनाचे कार्य प्रामुख्याने मेरुरज्जू व मस्तिष्क स्तंभ यांत चालते. गाबाचे कार्य मेरुरज्जूसह सर्व मस्तिष्कात चालते. तंत्रिकाग्रातून बाहेर पडलेले द्रव्य पुढील कोशिकेवरील विशिष्ट ग्राहीशी संलग्न झाले की, क्लोराइड आयनांचे मार्ग उघडतात व ती कोशिका चेतनास कमी प्रतिसाद देते. गाबा हे ग्लुटामिक अम्लापासून तयार होते. हे रूपांतर घडविणारे एंझाइम म्हणजे ग्लुटामिक अम्ल डीकार्बॉक्सिलेज. पुढे त्याचा उल्लेख ‘गॅड’ असा केला आहे. या एंझाइमाला ब ६ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या सहएंझाइमाची गरज असते. गॅडचे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी रेणुभार सु. ६५,००० असलेला प्रकार तंत्रिकाग्रांत एकवटलेला असतो व आत्मप्रतिरक्षेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा ठरला आहे.

निरोधन नाहीसे झाल्यास काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून परिचित आहेत. पहिले काजऱ्याचे (कुचल्याचे). कोकणातील वनांत आढळणाऱ्या या वृक्षाच्या बियांत स्ट्रिक्निन हे अल्कलॉइड असते. ते ग्लायसिनाच्या ग्राहींवर बसून त्यांना निकामी करते. विषबाधा झालेला माणूस शुद्धीवर असतो. पण साधा स्पर्श वा आवाज झाला तरी त्याचे सर्व शरीर ताठ होऊन झटके येतात. दुसरे उदाहरण धनुर्वाताचे होय. जखमेत वाढणाऱ्या जंतूंचे विष तंत्रिकांमधून उलट दिशेने मेरुरज्जूत पोहोचते आणि निरोधक तंत्रिकाग्रांतून ग्लायसीन व गाबा बाहेर पडण्यास लागणाऱ्या एका प्रथिनाचे तुकडे करते. हे प्रथिन कोणते, ते १९९२ मध्ये समजले. काजऱ्याचे विष निरोधक द्रव्याला स्वीकारू देत नाही. धनुर्वाताचे विष ते बाहेर पडू देत नाही. प्रस्तुत लेखातील पहिल्या दोन विकारांत याच यंत्रणेला बाहेरचे विष नव्हे, तर शरीरातीलच प्रतिपिंडे लक्ष्य करतात.

धनुर्वाताच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. या रोगावरील आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ मध्ये मुंबईत भरली होती. जे. सी. पटेल व बी. सी. मेहता यांनी ८,६९७ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. फारोख उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयातील अनुभवाच्या आधारे तीव्र धनुर्वातात श्वसन व रक्ताभिसरण यांची काळजी कशी घ्यावी, याचा अभ्यास केला. लसीकरणामुळे हा रोग पुष्कळ मागे हटला व माता आणि नवजात अर्भके यांच्यातील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाले. त्यामुळे शरीर ताठ झालेल्या रुग्णात धनुर्वाताखेरीज इतर कारणांचा शोध घेण्यास आता अधिक महत्त्व आले आहे.

ताठर व्यक्ती लक्षणसमूह : रोगाची सुरुवात बहुधा वयाच्या तीस ते साठ वर्षांच्या दरम्यान व हळूहळू होते. प्रथम पाठ व पोट यांचे स्नायू ताठर होतात. पाठीच्या कण्याचा कमरेतील बाक वाढतो व रुग्णास खाली वाकून जमिनीवरची वस्तू उचलणे, मांडी घालून बसणे किंवा पादत्राणे घालणे अवघड होते. पुढे मांड्यांचे स्नायू ग्रासले जातात व चाल संथ आणि अवघडलेली होते. चेहरा, हातांची बोटे व पायांची टोके बहुधा मोकळी राहतात. धनुर्वातात प्रारंभीच दिसणारी दातखीळ येथे नसते, हा भेद निदानास उपयोगी पडतो.

या ताठरतेवर अधूनमधून पेटक्यांची भर पडते. अनपेक्षित आवाज, स्पर्श, थंड वाऱ्याची झुळूक, घाई किंवा मनाचा क्षोभ एवढे निमित्तही पेटका आणण्यास पुरते. पेटका सेकंदांपासून मिनिटांपर्यंत टिकतो. त्याचा जोर कधीकधी इतका असतो की हाड मोडते. पेटका आल्यावर तोल सावरण्याची नेहमीची प्रतिक्षेपी क्रिया होत नाही, त्यामुळे रुग्ण हात पुढे न टेकता ओंडक्यासारखा पडतो. संवेदना, बुद्धी व स्नायूंचे बळ मात्र अबाधित असते. सु. एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक रुग्णांना इन्शुलीनावलंबी मधुमेह असतो. अवटू ग्रंथीचे आत्मप्रतिरक्षाजन्य विकार, दुष्ट पांडुरोग व त्वचेवरील कोड यांचेही प्रमाण अधिक आढळते.

विद्युत् स्नायु-आलेखनात विशिष्ट चित्र दिसते. निरोगी माणसाने अंग सैल सोडले की, स्नायूतील विद्युत् क्रियाशीलता थांबते व आलेखाची रेषा सपाट होते. या रुग्णांत ती सपाट होत नाही. आवेगांचा आकार व वेग ऐच्छिक आकुंचनासारखाच असतो. पण तो इच्छेवाचून चालू असतो आणि परस्परविरोधी स्नायूंत एकाच वेळी चालतो. झोपेत, शुद्धिहरणात, मेरुरज्जूच्या बधिरीकरणानंतर किंवा संबंधित तंत्रिकेत बधिरीकारक टोचल्यावर ही क्रियाशीलता थांबते. यावरून तिचा उगम स्नायूत किंवा तंत्रिकेच्या टोकाशी नसून मध्यवर्ती तंत्रिका तंत्रात आहे, हे सिद्ध होते. याखेरीज स्नायूवर कंप दिला असता प्रतिक्षेपात होणारी स्वाभाविक घट या रुग्णांत कमी पडते, त्वचेच्या साध्या उद्दीपनानेही धडातील व पायांतील अनेक स्नायू एकदम आकुंचन पावतात आणि मस्तिष्काच्या प्रेरक बाह्यकाची उद्दीप्यता वाढलेली आढळते. अशा चाचण्यांवरून ग्लायसीनावर चालणाऱ्या निरोधनापेक्षा गाबावर चालणाऱ्या निरोधनात अधिक तूट असल्याचे दिसते.

या रोगाचे आत्मप्रतिरक्षाजन्य स्वरूप मधुमेहाच्या वाटेने उघड झाले. ताठरता, अपस्मार व मधुमेह हे तिन्ही असलेल्या एका रुग्णाच्या रक्तरसात गॅडविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे मीकेले सोलिमेना, प्येत्रो दे कामिल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले. गॅड हे एंझाइम निरोधक तंत्रिका कोशिकांप्रमाणेच अग्निपिंडातील इन्शुलीन स्रवणाऱ्या कोशिकांतही असते. दोन परस्परांपासून दूरच्या रोगांची सांगड कशी बसते, याचा त्यामुळे उलगडा झाला. सु. ६० ते ८० टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे उच्च प्रमाणात सापडतात. निव्वळ मधुमेह असलेल्यांतही ती अल्प प्रमाणात आढळत असल्याने केवळ त्यांच्या अस्तित्वावरून या रोगाचे निदान करता येत नाही.

येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. गॅड हे तंत्रिकाग्राच्या आत असते. प्रतिपिंडे रक्तातून वा मस्तिष्क-मेरुद्रवातून तेथवर कशी पोहोचतात? गॅडविरोधी प्रतिपिंडे हे रोगाचे कारण आहेत की प्रतिरक्षा यंत्रणेच्या दुसऱ्या एखाद्या हल्ल्याची ती खूण आहे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. स्तनाच्या कर्करोगाबरोबर उद्भवणाऱ्या प्रकाराची स्थिती थोडी वेगळी आहे. त्यात ॲम्फिफायसीन या तंत्रिकाग्रातील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात (१९९३) आणि ती टोचलेल्या उंदरांसारख्या प्राण्यांत ताठरता व पेटके निर्माण झाले आहेत. कर्करोगाशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिरक्षा तंत्रिका तंत्राला कशी भोवते, याचे हे उदाहरण होय.

ताठरतायुक्त वर्धिष्णू मस्तिष्क-मेरुरज्जुशोथ : याचे वर्णन १९७६ मध्ये झाले. ताठरतेबरोबर मस्तिष्क स्तंभ ग्रासल्याची लक्षणे यात दिसतात. डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, गिळणे व बोलणे कठीण होते आणि श्वसन, घाम व रक्तदाब यांचे नियमन ढळते. रोग आठवड्यांत किंवा महिन्यांत बळावू शकतो. अशा एका रुग्णात ग्लायसिनाच्या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे २००८ मध्ये आढळले व पुढे अनेक रुग्णांत त्याला पुष्टी मिळाली. ही ग्राही कोशिकेच्या पृष्ठभागावर असल्याने प्रतिपिंडे तिच्यापर्यंत थेट पोहोचतात. प्रतिरक्षा दबविणाऱ्या उपचारांनी अशा रुग्णांत पुष्कळदा चांगला गुण येतो. याच ग्राहीच्या जनुकात जन्मजात दोष असलेली अर्भके किंचित आवाजानेही दचकून ताठ होतात. १९९३ मध्ये हा दोष निश्चित झाला. काजऱ्याचे विष, आनुवंशिक दोष व प्रतिपिंडे अशा तीन भिन्न कारणांनी एकच ग्राही निकामी होते व तिन्ही वेळा लक्षणांत साम्य दिसते, हे लक्षणीय आहे.

आयझॅक्स व मॉर्व्हान लक्षणसमूह : आयझॅक्स लक्षणसमूहात पोटऱ्या, मांड्या व हात यांच्या स्नायूंत त्वचेखाली अळ्या वळवळत असल्यासारखी सतत हालचाल दिसते. पेटके, ताठरता, अतिस्वेदन व आवळलेली मूठ लवकर न सुटणे ही इतर लक्षणे होत. यातील क्रियाशीलता झोपेत थांबत नाही व मेरुरज्जूच्या बधिरीकरणानेही थांबत नाही. तंत्रिका-स्नायू संधिस्थान रोखणाऱ्या क्यूरारे या द्रव्याने मात्र ती थांबते. याचा अर्थ तिचा उगम मेरुरज्जू व संधिस्थान यांच्या दरम्यान, बहुधा तंत्रिकेच्या टोकाजवळ आहे. स्नायु-आलेखनात सेकंदाला १५० ते ३०० इतक्या वेगाच्या आवेगांचे झोत दिसतात. ऐच्छिक आकुंचनात प्रेरक कोशिका एवढा वेग कधीच गाठत नाही.

तंत्रिकेतून आवेग गेल्यावर पोटॅशियम आयन बाहेर पडतात व तंतू पुन्हा विश्रामावस्थेत येतो. पोटॅशियमाचे हे मार्ग कमी झाल्यास एका आवेगामागून अनेक आवेग आपोआप उठतात. रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता त्यांच्या तंत्रिकांत अतिउद्दीप्यता येते आणि रुग्णाच्या रक्तद्रवाची अदलाबदल केल्यास त्याला आराम पडतो, असे जॉन न्यूसम-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखविले. प्रारंभी ही प्रतिपिंडे पोटॅशियम मार्गांविरुद्धच असल्याचा समज होता. ती बहुधा या मार्गांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या ‘कॅस्पर-२’ व मार्गांशी संबंधित ‘एलजीआय-१’ या प्रथिनांविरुद्ध असतात, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. काही रुग्णांत यौवनलोपी ग्रंथीचे अर्बुद असते.

मॉर्व्हान लक्षणसमूहात वरील लक्षणांत मस्तिष्काच्या लक्षणांची भर पडते. रुग्णास अनेक रात्री झोप येत नाही, भास होतात, स्मृती ढळते व रक्तदाबात चढउतार होतात. रुग्ण बहुतांशी पुरुष असतात. पाऱ्याशी संपर्क आलेल्या व्यक्तींत, तसेच पारायुक्त पारंपरिक औषधे घेतलेल्या व्यक्तींत या गटातील विकार उद्भवल्याची वृत्ते भारतातूनही प्रसिद्ध झाली आहेत. म्हणून रुग्णाने पूर्वी घेतलेल्या सर्व औषधांची व लेपांची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

निदान व गैरसमज : ताठर व्यक्ती लक्षणसमूहाचा रुग्ण प्रथम कंबरदुखीची तक्रार घेऊन येतो. क्ष-किरण चित्र व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा यांत सहसा काही आढळत नाही. लक्षणे दिवसागणिक कमीजास्त होतात, भावनेच्या क्षोभाने वाढतात व झोपेत नाहीशी होतात. मोकळ्या मैदानातून किंवा रस्ता ओलांडताना आधार नसल्यास रुग्ण भीतीने जागीच खिळतो. घरात भिंतीच्या आधाराने तोच माणूस चालू शकतो. या सर्वांवरून आजार मनाचा आहे, किंवा रुग्ण सोंग करीत आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

शरीरक्रियावैज्ञानिक दृष्ट्या या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र कारण आहे. झोपेत मेरुरज्जूकडे येणारे चेतन उतरते, म्हणून ताठरता जाते. भावनेच्या क्षोभाने चेतन वाढते आणि ते आवरण्यास निरोधन अपुरे पडते, म्हणून पेटका येतो. रस्त्याच्या मध्यावर वाहनाचा कर्णा वाजताच आपण ओंडक्यासारखे पडणार, हे रुग्णाने अनुभवाने जाणलेले असते. त्याची भीती अनाठायी नसते. शिवाय मस्तिष्कात चिंतेला आवर घालण्याचे कार्यही गाबाच करते, त्यामुळे भीतीची वाढ हा त्याच विकाराचा भाग असू शकतो. यास्तव ताठरता व दचकून येणारे पेटके असलेल्या रुग्णावर मनोविकाराचे निदान लादण्यापूर्वी स्नायु-आलेखन व प्रतिपिंडांची तपासणी होणे आवश्यक आहे. याउलट, रक्तात थोडी प्रतिपिंडे आढळली एवढ्यावरून हा रोग गृहीत धरणेही चूक होय. लक्षणे, आलेखन व प्रतिपिंडे यांचा मेळ बसला पाहिजे.

असा रुग्ण अस्थिशल्यविशारद, वैद्य, होमिओपॅथ, भौतिकोपचारज्ञ अशा अनेकांकडे जाऊन आलेला असतो. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व इतर आरोग्यशाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. विरळा रोगाची ओळख एकाच शाखेपुरती राहून भागत नाही, याची जाणीव अशा शिक्षणात विशेष उपयोगी पडते. आयुर्वेदात वातव्याधींवर शुद्ध केलेल्या कुचल्याचे कल्प वापरतात. स्ट्रिक्निनाची क्रिया लक्षात घेता, ज्याच्या निरोधनात आधीच तूट आहे अशा रुग्णास ते देणे धोक्याचे ठरेल. जोरजोराने चोळणे व अवयव बळाने ताणणे यांमुळेही पेटका येऊ शकतो.

उपचार : उपचारांची दिशा दुहेरी असते : उरलेल्या निरोधनाला बळ देणे व प्रतिरक्षेचा हल्ला थोपविणे. डायाझेपाम हे औषध गाबाच्या ग्राहीवर बसून गाबाचा परिणाम वाढविते. ताठर व्यक्ती लक्षणसमूहात ते गुणकारी असल्याचे १९६३ मध्ये, म्हणजे रोगाचे कारण कळण्याच्या पंचवीस वर्षे आधी दिसून आले. या रुग्णांना ते पुष्कळदा मोठ्या मात्रेत लागते. रुग्ण ते सहन करतो, हेही निदानाचे एक गमक मानतात. बॅक्लोफेन हे औषध गाबाच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीवर कार्य करते. ही औषधे एकाएकी बंद केल्यास तीव्र पेटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागतात. आयझॅक्स लक्षणसमूहात तंत्रिकांची उद्दीप्यता कमी करणारी कार्बामाझेपीन व फेनिटॉइन यांसारखी अपस्मारावरील औषधे उपयोगी पडतात.

प्रतिरक्षेचा हल्ला थोपविण्यासाठी अनेक दात्यांच्या रक्तद्रवापासून मिळविलेले इम्युनोग्लोब्युलीन शिरेतून देतात. मॅरिनोस डालाकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा रुग्णांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत त्याने ताठरता कमी होते, असे २००१ मध्ये सिद्ध झाले. त्याचा गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो व ते पुन्हापुन्हा द्यावे लागते. ते महाग असल्याने अनेक कुटुंबांस हा खर्च पेलवत नाही. रक्तद्रवाची अदलाबदल व स्टेरॉइडे यांचाही उपयोग करतात, मात्र मधुमेह असलेल्या रुग्णास स्टेरॉइडे जपून द्यावी लागतात. प्रतिपिंडनिर्मितीशी संबंधित कोशिका नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबचा काही रुग्णांना फायदा झाला असला, तरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत त्याची सरसी सिद्ध झाली नाही. अर्बुद आढळल्यास त्यावरील उपचार प्रथम करतात.

रोग समूळ बरा होणे दुर्मिळ आहे. पण वेळीच निदान झाल्यास अनेक रुग्ण स्वतःच्या पायांवर चालू शकतात व पुष्कळसा नित्यक्रम सांभाळू शकतात. २०२२ मध्ये कॅनेडियन गायिका सेलीन डिऑन यांनी आपल्याला हा रोग असल्याचे जाहीर केल्यावर त्याचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. घरातील माणसांनी रुग्णाला मागून अचानक हाक न मारणे, त्याला स्पर्श करण्यापूर्वी सूचना देणे, जिन्याला व न्हाणीघरात कठडे बसविणे आणि चालताना त्याला घाई न करणे, या साध्या गोष्टींनीही पेटके व पडणे टळतात. रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे ही या उपचाराची पहिली पायरी होय.